वर पाऊस झालाय

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी इंग्रजी शिकवत होतो, त्या काळातली एक वही माझ्या मनातून अजून गेलेली नाही. नववीच्या वर्गाला मी 'व्हिम' हा शब्द शिकवला होता आणि 'ऑन अ व्हिम' हा शब्दप्रयोग घेऊन घरून एक वाक्य करून आणायला सांगितले होते. बहुतेक मुलांनी फळ्यावरचेच वाक्य थोडे फिरवून आणले. कुणी लहर आली म्हणून बेळगावला गेले, कुणी लहर आली म्हणून टोपी घेतली. एका मुलाने मात्र स्वतःचे वाक्य लिहिले होते : 'माय फादर सोल्ड द बफेलो ऑन अ व्हिम.' व्याकरणाची एकही चूक त्यात नव्हती, तरीही मी 'व्हिम' या शब्दाखाली तांबड्या शाईने रेघ ओढली.

वही परत दिल्यावर तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "काय चुकलं सर? बाबा सकाळी उठले, दावं सोडलं आणि म्हस घेऊन बाजारात गेले. आईला पण काय सांगितलं नाही. अचानकच गेले की." मी त्याला म्हणालो, की व्हिम म्हणजे नुसते 'अचानक' नव्हे, घरातली दुभती म्हैस कुणी व्हिमवर विकत नाही. त्यावर त्याने सरळ विचारले, "मग तिथं कुठला शब्द घालू?" तास संपल्याची घंटा झाली आणि मी उद्या सांगतो म्हणालो. तो उद्या त्या वर्षात आला नाही, कारण मला उत्तरच सापडले नव्हते.

शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता असे नाही. व्हिम म्हणजे विशेष कारण नसताना मनात उठलेली आणि बहुधा तितक्याच चटकन विरून जाणारी इच्छा. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत 'व्हिमव्हॅम' असा एक गमतीदार जोडशब्द होता. अंगावर किंवा कपड्यावर मिरवण्याची एखादी किरकोळ, नखरेल वस्तू, असा त्याचा अर्थ. आपल्या जत्रेत मण्यांच्या माळा, भिंगऱ्या आणि कागदी पंखे विकायला ठेवलेले असतात, त्या जातीची ती वस्तू. सतराव्या शतकात त्याचे अर्धे रूप, म्हणजे 'व्हिम', मनातल्या हलक्याफुलक्या इच्छेसाठी रूढ झाले. त्याआधीचे मूळ निश्चित नाही; नजर इकडेतिकडे भिरभिरणे या अर्थाच्या एका जुन्या नॉर्स शब्दाशी त्याचे नाते असावे, असा काही कोशकारांचा कयास आहे. माळेच्या दुकानासमोर उभ्या राहिलेल्या लहान मुलीचे डोळे ज्याने पाहिले असतील त्याला हा कयास खरा वाटावासा वाटेल.

व्हिमची इंग्रजीतली भावंडे मात्र वेगळ्या स्वभावाची आहेत. 'कॅप्रिस' हा शब्द इटालियनमधून फ्रेंचच्या वाटेने आला, आणि त्याच्या मुळाशी डोके आणि काटेरी अंगाचा एक छोटा प्राणी असे दोन शब्द आहेत, म्हणजे भीतीने केस ताठ उभे राहिलेले डोके. पुढे बकरीसाठी असलेल्या शब्दाशी त्याचे साम्य लोकांच्या कानाला जाणवले आणि बकरीची अवचित उडीही त्याच्या अर्थाला येऊन चिकटली. कॅप्रिसला सहसा सत्ता लागते. साहेबाची मर्जी सकाळी एक आणि दुपारी दुसरी असते, तेव्हा तो शब्द शोभतो, आणि हाताखालच्या माणसांचे त्या मर्जीवर कसे हाल होतात हेही त्यात येते. 'ॲट द व्हिम ऑफ' या प्रयोगात व्हिमलाही हाच कडवटपणा चढतो. इतर वेळी निरुपद्रवी असलेला तो शब्द दुसऱ्याच्या हातात आपले बरेवाईट असल्याचे सांगू लागतो. इंग्रजीतला 'अर्ज' (urge), म्हणजे आतून उठणारी ओढ, शरीराच्या जास्त जवळचा आहे. आणि 'इम्पल्स' म्हणजे ढकलणे. लॅटिनमधल्या 'आत ढकलणे, पुढे रेटणे' या अर्थाच्या क्रियापदापासून तो झाला. दुकानात पैसे देण्याच्या टेबलाशेजारी चॉकलेटे आणि पेने मांडून ठेवतात ती या इम्पल्ससाठीच, व्हिमसाठी नव्हे, कारण तिथे इच्छा आपल्या मनात उठण्याआधी कुणीतरी तिला धक्का देण्याची व्यवस्था करून ठेवलेली असते.

आमच्याच शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्याने या शब्दाकडे पाहण्याची एक दृष्टी मला दिली. विज्ञानाच्या पुस्तकात इम्पल्सला आवेग म्हणतात, आणि आवेग म्हणजे बल गुणिले काळ. बॅटने चेंडू टोलवला की तो एका क्षणात उडाला असे आपल्याला दिसते, पण बॅट आणि चेंडू यांचा स्पर्श कितीही थोडा असला तरी त्याला काही वेळ लागतोच. काळ शून्य धरला तर आवेगही शून्य होतो. डब्याची वेळ होती आणि त्यांनी हे भाकरी मोडता मोडता सांगितले, पण मी ते वहीत लिहून ठेवले.

मराठीकडे वळले की प्रथम 'लहर' हाच शब्द ओठांवर येतो आणि मीही मुलांना तोच दिला होता. आता वाटते की तो घाईने दिला. लहर म्हणजे मूळची पाण्याची लाट. जगन्नाथ पंडितांच्या 'गंगालहरी'तली लहरी तीच, आणि साप चावल्यावर विष चढू लागते तेव्हा 'लहरी येतात' असे जुनी माणसे म्हणत, तीही तीच. 'ऊर्मी' या संस्कृत शब्दाचा अर्थही लाट असाच आहे, पण आपण कविता लिहिण्याची ऊर्मी म्हणतो आणि मिसळ खाण्याची लहर म्हणतो. दोन्ही लाटाच, एक आदराची आणि एक किरकोळीची. 'उमाळा' म्हणजे जमिनीतून वर उसळणारे पाणी. मन 'उचंबळते' तेही पाण्यासारखेच. मनात 'तरंग' उठतात. 'हुक्की', 'सणक', 'तिरीमिरी', 'खूळ', 'चूष' अशी कोरडी माणसेही या कुळात आहेत, आणि त्यांतला एकही शब्द दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही : तिरीमिरीत माणूस घर सोडून जातो, हुक्कीत तो फार तर गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन येतो. पण मायेचे, कौतुकाचे, ओढीचे शब्द पाहिले तर बहुतेक पाण्याशी जाऊन मिळतात, आणि पाणी कुठून तरी आलेले असते.

क्रियापदाचेही तसेच आहे. इंग्रजीत माणसाजवळ व्हिम 'असते', किंवा तो तिच्यावर स्वार होऊन काही करतो. मराठीत लहर 'येते', हुक्की येते, उबळ येते, राग येतो, आठवण येते; आणि ती 'मला' येते, मी तिला आणत नाही. वाक्याचा मालक बाजूला उभा राहतो आणि आलेल्या पाहुण्याला जागा करून देतो. आमच्या भागात हे मराठीपुरते राहत नाही. शेजारच्या घरातली कन्नड बोलणारी बाई 'ननगे सिट्टु बंतु' म्हणते तेव्हा ती शब्दाला शब्द 'मला राग आला' असेच म्हणत असते, आणि 'मनस्साय्तु' म्हणजे मन झाले, वाटले. 'लहरी' हा शब्द कन्नडमध्येही मनाच्या चालू रंगासाठी वापरतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला तेव्हापासून या दोन भाषांमध्ये काय काय झाले ते माझ्या पिढीने सोसलेले आहे आणि त्याचे दुःख मी लपवणार नाही. पण मन कसे चालते याविषयी दोन्ही भाषांच्या म्हाताऱ्या माणसांचे मत एकच आहे, हे मला या एका शब्दाच्या मागे जाताना दिसले आणि बरे वाटले.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच खटकते. लहर कुणाची, यावर तिचे नाव ठरते. पैसेवाल्याची असेल तर शौक, गरिबाची असेल तर खूळ, तरुणाची असेल तर हौस, आणि घरातल्या बाईची असेल तर 'हिच्या अंगात आलं'. बाईला मनात येईल ते मागण्याची पूर्ण मुभा आपण एकाच काळात दिली, गरोदरपणात, आणि त्यासाठी 'डोहाळे' असा वेगळा शब्द ठेवला. कन्नडमध्ये त्यालाच 'बयके' म्हणतात, आणि तिथे तो शब्द कोणत्याही तीव्र इच्छेसाठीही चालतो. डोहाळे पुरवायचे असतात. बाकीच्या वर्षांत तिला काही वाटले तर ते पुरवण्याची जबाबदारी कुणावर नसते.

माझी आत्या बेळगावच्या वडगावात राहायची. वडगाव, खासबाग, शहापूर हा सगळा विणकरांचा भाग. माझ्या लहानपणी त्या गल्ल्यांत शिरले की मागांचा आवाज आधी कानांवर पडायचा आणि घरे नंतर दिसायची. आत्याच्या घरी दोन माग होते. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, आणि मोठा आतेभाऊ मागावर बसत आणि आत्या कांड्या भरायची, म्हणजे सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायची. सुताची लडी एका बाजूला फिरत राहते, उजव्या हाताने रहाट फिरवायचा, डाव्या हाताच्या दोन बोटांतून धागा सरकू द्यायचा, आणि समोर चातीवर बोटभर लांबीची कांडी हळूहळू पोटाशी फुगत जाते. भरली की ती काढून टोपलीत टाकायची, दुसरी लावायची. धोट्यात, म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी तुकड्यात, बसणारी कांडी फार फुगीर झाली तर धोटा अडतो आणि फार बारीक राहिली तर विणणाऱ्याला वारंवार उठावे लागते, म्हणून तिचा अंदाज नेमका असायचा. त्या दोन बोटांच्या पेरांवर धाग्याने पडलेली बारीक रेघ मी पाहिलेली आहे. हात धुतला तरी ती जात नसे.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असतानाची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते, सकाळची वेळ होती आणि मी परीक्षेचे शुल्क भरण्यासाठी बेळगावला येऊन आत्याकडे उतरलो होतो. तिने रहाट मध्येच थांबवला. कांडी अर्धी भरलेली होती. ती उठली, पदर झटकला, त्यातले सुताचे तंतू खाली पडले, आणि ती मामांना म्हणाली, "मी गोकाकला जातो. पाणी बघून येतो." आमच्याकडच्या बायका 'जातो, येतो' असेच म्हणतात, बाहेरच्यांना त्याचे नवल वाटते. मामांनी मागावरूनच विचारले, "आज? काय आहे तिथं आज?" ती म्हणाली, "काय नाही. धबधबा हाय की." मामा काही बोलले नाहीत. मोठा भाऊ म्हणाला, "आईला लहर आली." आणि मला तिच्याबरोबर धाडण्यात आले.

गाडीत ती खिडकीशी बसली आणि बराच वेळ बोलली नाही. बेळगाव सोडताना पाऊस होता. पूर्वेकडे जाऊ तसा तो कमी होत गेला, आणि गोकाकच्या अलीकडे तर ऊन पडलेले, रस्ता कोरडा आणि दोन्ही बाजूंना ज्वारी-मक्याची शेते. मला वाटले की ही आता निराश होणार. इथे पाऊसच नाही तर धबधब्याला पाणी कुठले असणार?

धबधबा गावापासून काही किलोमीटरवर आहे. आधी कापडगिरणीची दगडी इमारत दिसते, मग जमिनीतूनच आल्यासारखा आवाज येतो. घटप्रभा नदी तिथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते आणि तिच्या कड्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा आहे. त्या दिवशी पाणी तांबडे होते, चहाला दूध कमी पडल्यावर जो रंग येतो तसे, आणि नालेच्या सगळ्या बाजूंनी एकदम खाली येत होते. वर निरभ्र आकाश होते. आत्या कठड्याला हात धरून उभी राहिली. तुषारांनी तिचे तोंड ओले झाले आणि तिने ते पुसले नाही. शेजारी शेंगा विकणारा एक म्हातारा होता. आत्याने त्याला तिच्या मोडक्या कन्नडमध्ये विचारले, की इथे तर पाऊस नाही, मग एवढे पाणी कसे? तो मान वर न करता पश्चिमेकडे हात करून म्हणाला, "म्याल मळी आगेद री." वर पाऊस झालाय.

वर म्हणजे सह्याद्रीत. घटप्रभा तिथेच उगवते. तिला येऊन मिळणारी हिरण्यकेशी आंबोलीची, आणि आंबोली हे महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. घाटात पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून, धरणातून, शेतांच्या कडेकडेने वाट काढत पूर्वेकडे येतो, तोवर तो पाडणारे ढग कधीच गेलेले असतात. गोकाकच्या माणसाला पूर दिसतो, पाऊस दिसत नाही. तरी त्या म्हाताऱ्याला 'अचानक' हा शब्द सुचला नाही.

परतीच्या गाडीत आत्याने आपणहून सांगितले. त्यांच्याकडे येणाऱ्या सुताच्या गठ्ठ्यांवर गिरणीच्या नावाचा कागद चिकटवलेला असे, आणि त्यावर 'गोकाक फॉल्स' असे छापलेले असे. लग्न होऊन ती आली तेव्हा तिला इंग्रजी अक्षरे येत नव्हती. मुलगा पाचवीत गेला तेव्हा त्याने ती वाचून दाखवली आणि फॉल्स म्हणजे धबधबा असे सांगितले. "तेव्हापासून बघतोय मी तो कागद," ती म्हणाली. "रोज गठ्ठा सोडायचा, कागद काढायचा, चुलीत घालायचा." आज सकाळी काय वेगळे झाले, असे मी विचारले. ती थोडा विचार करून म्हणाली, "काय नाही. कागद ओला होता. पेटला नाही." मुलगा पाचवीत होता त्याला तेव्हा १८ वर्षे झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी गावी निघालो तेव्हा ती रहाटावर बसून तीच अर्धी कांडी भरत होती.

पुढे कितीतरी वर्षांनी, व्हिम शब्द पुन्हा शिकवण्याच्या तयारीत मोठा कोश उघडला, तेव्हा त्याच शब्दाखाली दुसरा एक अर्थ दिसला आणि मी पुस्तक तसेच हातात धरून बसलो. खाणीतून धातूचा दगड किंवा पाणी वर काढण्याच्या एका यंत्रालाही इंग्रजीत व्हिम म्हणतात. कॉर्नवॉलच्या तांब्या-कथिलाच्या खाणींवर ही यंत्रे असत. मधोमध उभा खांब, त्यावर मोठे पिंप, खांबाला जोडलेला लांब दांडा, आणि दांड्याला जुंपलेला घोडा. घोडा गोल गोल चालतो, पिंपावर दोर गुंडाळला जातो आणि खोल खाणीतली बादली वर येते. पुढे घोड्याच्या जागी वाफेचे इंजिन आले, तरी नाव तेच राहिले. आमच्याकडे गुऱ्हाळावर उसाच्या चरकाला जुंपलेले बैल ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र नव्याने समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की चरकातला रस डोळ्यांसमोर गळतो आणि खाणीतली बादली शेवटपर्यंत दिसत नाही. तोंडाशी उभे राहणाऱ्याला ती एकदम अंधारातून वर आलेली दिसते. घोडा मात्र तिच्यासाठी सकाळपासून चालत असतो.

मनाच्या हलक्या इच्छेला आणि त्या जड यंत्राला एकच नाव कसे मिळाले, याविषयी मी काही ठरवू इच्छित नाही. पण मला आत्याचा रहाट आठवला, दोन बोटांमधून सरकणारा धागा आठवला, आणि त्या क्षणी त्या मुलाची वहीही आठवली. मी त्याला म्हणालो होतो की म्हैस कुणी व्हिमवर विकत नाही. ते चूक नव्हते. पण मी त्याच्या 'अचानक'ला हात लावला नव्हता. तोही तितकाच तपासायला हवा होता.

त्याचे वडील मला खानापूरच्या स्टँडवर भेटले, मुलगा शाळा सोडून गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी. मुलगा बेळगावात आयटीआय करतो म्हणाले. चहा घेताना मीच म्हशीची गोष्ट काढली. वहीतल्या वाक्याचे काही बोललो नाही, फक्त ऐकले होते म्हणून विचारले. ते जरा हसले. त्यांचे गाव जंगलाच्या कडेला. बायको गवताला रानात जायची, आणि म्हैस विकण्याच्या तीन पावसाळे आधी परत येताना तिला ओढ्याशी अस्वल आडवे आले होते. काही झाले नाही. ते त्याच्या वाटेने गेले. तिने घरी येऊन सांगितले, हसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. "तिला काय वाटलं नाही सर," ते म्हणाले. "मला मात्र रोज संध्याकाळी ती परत येईपर्यंत काय सुचायचं नाही. सांगणार कसं? म्हशीवर तिचा जीव." तीन वर्षे ते असेच चालले. मग एका पहाटे धार काढायला म्हणून ते गोठ्यात गेले, दावे हातात आले, आणि त्यांनी ते खुंटीला परत बांधले नाही.

बायको आठवडाभर बोलली नाही म्हणाले. मग बोलली. आता गोठ्यात लाकडे ठेवतात.

त्यांची गाडी लागली तेव्हा ते उठले, पिशवी खांद्याला लावली, आणि जाता जाता म्हणाले, "पण चारला जाग अजून येतेच, सर."